बॉनेटवरचं कुंकू

कोल्हापुरात जुन्या गाड्या पाळणारी एक जमात आहे. ‘पाळणारी’ असं मुद्दाम म्हणतो, कारण चालवत कुणीच नाही. गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी करायची, वर मखमली झूल घालायची, पाहुणे आले की ती झोकात ओढायची, आणि वर्षातून दोनदा प्रदर्शनात फेटा बांधून गाडीला टेकून उभं राहायचं. ह्यातल्या कुणालाही स्वतःच्या गाडीत पाणी कुठून घालतात ते विचारा, ड्रायव्हरला हाक मारेल. मी तीस वर्षं ह्यांच्या गाड्यांना रंग देतोय. उद्यमनगरात माझं वर्कशॉप आहे, बाहेर ‘आकाराम पेंटिंग वर्क्स’ अशी पाटी आहे. ह्या लोकांवर माझं घर चालतं हे कबूल. पण म्हणून त्यांच्याबद्दल आदर वाटलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

ह्या धंद्यात मला आदर वाटला तो एकाच माणसाच्या हाताबद्दल. तो हात चिमणाबाईचा. आणि तिच्याशी मी कसा वागलो तेच सांगायला बसलोय, त्यामुळं माझ्याबद्दलही फार बरं मत करून घेऊ नका.

चिमणाबाई हुपरीची. हुपरीत घरोघरी चांदीचं काम. दहाव्या वर्षापासून ती पैंजण घासायची, रिठ्याच्या पाण्यात, मांडीवर फडकं घेऊन. मग पॉलिशची यंत्रं आली, हातानं घासणाऱ्या बायकांचं काम निम्म्यावर आलं, आणि त्यातच तिचा नवरा वारला. अकरा वर्षांपूर्वी ती माझ्याकडं आली. काम अगदी हलकं होतं. वॉटर पेपर पाण्यात बुडवायचा आणि रंग मारायच्या आधी पत्रा घासायचा. सकाळी हुपरीच्या गाडीनं यायची, संध्याकाळी त्याच गाडीनं जायची.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका जीपचं दार पुरं करून मी विडी ओढत बसलो होतो. ती बादली घेऊन चालली होती ती दारापाशी थांबली. बोटांची मागची बाजू तिनं दारावरून फिरवली.

“मिस्त्री, हितं आंधळं हाय,” ती म्हणाली.

“काय आंधळं हाय?”

“चकाकतंय, पण त्यात तोंड दिसत न्हाई. आमच्यात असल्या चांदीला आंधळी म्हणत्यात.”

“बाई, तुमी पेपर घासा,” मी म्हटलं.

ती गेल्यावर मी दिवा तिरका धरून बघितलं. चार बोटं रुंदीचा धुरकट पट्टा होता. मी तो मुकाट्यानं परत घासला आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि बादली उचलून निघून गेली. महिनाभरानं मी तिला पेपरवरून काढून पॉलिशवर घेतलं.

तिची रीत अशी. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. फडकं जुन्या धुवट लुगड्याचं, त्याचा काठ कापून टाकलेला, कारण काठाचा धागा रंगाला ओरखडा काढतो. मशीन तिनं कधी धरलं नाही. तळहातानं, गोल न फिरवता, सरळ रेघेत घासायची. हातात बांगडी नाही, अंगठी नाही, घड्याळ नाही. पॉलिशवाल्याच्या हातात काही नसावंच लागतं. इतरांना मी ओरडून ओरडून हातातली कडी काढायला लावतो. हिच्या बांगड्या नवरा गेल्या दिवशी भावकीनंच फोडल्या होत्या, माझं काम आयतंच झालं. हे वाक्य मी पूर्वी चारचौघांत गमतीनं म्हणत असे. माझी अक्कल किती हे त्यावरून कळावं.

गाड्यांचं तिला काडीचं कौतुक नव्हतं, आणि मालकांचं तर त्याहून नव्हतं. एका बिल्डरनं जीपला चोवीस दिवे लावून आणले. चिमणाबाई त्या जीपला एक फेरी मारून आली आणि म्हणाली, “एवढं दिवं लावल्यात, तरी ह्येला रस्ता दिसत न्हाई व्हय?” बिल्डर हसला, कारण त्याला ते कौतुक वाटलं. हे लोक असेच. शिवी जरा सावकाश दिली तर आभार मानतात.

आता धैर्यशील. वडील पुढारी, आजोबा पुढारी, आणि हा पुढाऱ्याचा मुलगा, एवढाच त्याचा व्यवसाय. तीन वर्षांपूर्वी त्यानं गारगोटीकडच्या एका गोठ्यातून इंग्रजांच्या काळातली एक लांबलचक गाडी उचलून आणली. तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. टपावर शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या होत्या. मी बघूनच म्हणालो की सगळा रंग खरवडून काढू आणि नवा मारू. धैर्यशील म्हणाला, “भडक लाल मारा मिस्त्री, लांबनं दिसला पाहिजे.”

चिमणाबाईनं तोवर बॉनेटवरचा तळहाताएवढा तुकडा धुतला होता. मग तेलाचा हात फिरवून, फडक्यानं अर्धा तास घासला. आम्ही दोघं बोलत होतो तिकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. तिचं झालं तेव्हा त्या तुकड्यात वर्कशॉपच्या छताचे पत्रे दिसत होते. रंग गर्द मरून, पिकल्या जांभळाच्या आतल्या गरासारखा. ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यात बसलेला मूळ रंग, जिवंत.

“ह्यो काढू नगा,” ती म्हणाली. “असला परत हुणार न्हाई.”

खरंच होतं. तो रंग आता कुठं मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याचं वय कुठून आणणार? असा मूळ रंग टिकलेली गाडी प्रदर्शनात आली की जाणकार तिच्याभोवतीच घुटमळतात. सात महिने ती एकटी त्या गाडीवर राबली. असल्या जुन्या रंगावर पारदर्शक थर नसतो. घासाल तसा रंगच थोडाथोडा फडक्यावर उतरतो. चिमणाबाई रोज संध्याकाळी फडकं उजेडात धरून बघायची, किती मरून उतरलाय ते. जास्त उतरला असेल तर म्हणायची, “आज लई खाल्लं,” आणि दोन दिवस त्या जागेला हात लावायची नाही. बॉनेटचा रंग सगळ्यात पातळ राहिला होता, कारण उन्हानं आणि कोंबड्यांनी आधीच निम्मा खाल्लेला. तिनं मला बजावून ठेवलं होतं की बॉनेटला आता फक्त मऊ फडकं, पॉलिश नाही, आणि मशीन तर नाहीच.

गाडी पुरी झाली. धैर्यशीलला तिचं कौतुक कळलं ते पुण्याच्या एका माणसानं तोंडात बोटं घातली तेव्हा. त्या दिवसापासून हा जिथं तिथं ‘ओरिजिनल पेंट’ म्हणून सांगत सुटला, जसा काही ह्यानंच तो ऐंशी वर्षं उराशी धरून ठेवला होता. दर महिन्याला चिमणाबाई त्याच्या बंगल्यावर जायची आणि गाडी पुसून यायची. बाकी कुणाला ती हात लावू द्यायची नाही. पोर्चमध्ये एकटी असली की गाडीशी बारीक आवाजात बोलायची, हे मी दोनदा ऐकलंय. दुसऱ्या कुठल्या गाडीशी बोलल्याचं ऐकलं नाही.

ह्याच धैर्यशीलनं गेल्या महिलादिनी विधवांचा सन्मान सोहळा घेतला होता. जिल्ह्यात विधवा प्रथा बंदीचे ठराव व्हायला लागले होते, पेपरात फोटो येत होते, मग हा मागं कसा राहील? मांडव घातला, फ्लेक्स लावले, स्टेजवर तीस विधवा ओळीनं खुर्च्यांवर बसवल्या. धैर्यशीलच्या आई संयोगिताबाई, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणतात, त्यांनी एकेकीला हळदीकुंकू लावलं. धैर्यशील चाळीस मिनिटं बोलला. विधवेचं कपाळ पुसणारा समाज रानटी आहे म्हणाला. त्या तीस जणींत चिमणाबाई होती, कारण ‘तुमची ती पॉलिशवाली पाठवा’ म्हणून मला फोन आला आणि मी पाठवली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तेव्हा कपाळ रिकामं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, “फोटो काढून झाला न्हवं त्यांचा?”

मग आला दसरा. दसऱ्यानंतरच्या रविवारी प्रदर्शन होतं, पुण्यामुंबईचे परीक्षक येणार होते, आणि धैर्यशीलची गाडी पहिली येणार हे सगळे धरून चालले होते. खंडेनवमीला आम्ही वर्कशॉपात मशीनची आणि स्प्रेगनची पूजा केली. चिमणाबाईनं आपल्या फडक्यांच्या गठ्ठ्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. मग आम्ही दोघं ताराबाई पार्कात धैर्यशीलच्या बंगल्यावर गेलो. प्रदर्शनापूर्वीचा शेवटचा हात फिरवायचा होता. सकाळी अकरापर्यंत तिनं गाडी अशी केली की पोर्चमधली कुंड्यांची रांग दारात जशीच्या तशी उतरली.

तेवढ्यात पूजेचं ताट घेऊन आईसाहेब आल्या. मागं दोनचार सुना, जावा, शेजारणी. फुलांचे हार, नारळ, आणि वाटीत तेलात कालवलेलं कुंकू. हल्लीचं बाजारातलं कुंकू म्हणजे नुसता रसायनी रंग, आणि जुना रंग तर तहानलेला असतो, वर पडेल ते पितो. आईसाहेबांनी बॉनेटच्या बरोबर मध्ये ताटलीएवढं स्वस्तिक काढलं, बोट दाबून दाबून.

चिमणाबाई ओलं फडकं घेऊन पुढं झाली. “आईसाब, पूजा झाली की म्या लगेच टिपून घेतो. ऊन लागलं तर रंगात उतरंल त्ये.”

तिच्या भाषेत बायकाही ‘घेतो’ म्हणतात. आवाजात आगाऊपणा नव्हता, काळजी होती, ती मला ऐकू आली.

आईसाहेबांनी हात आडवा धरला. “तू नको हात लावू. सवाष्णीनं काढलेलं कुंकू आहे, ते काय तुझ्या हातानं पुसायचं? वर्षाचा सण आहे. तू जरा मागं हो.”

कुणीही दचकलं नाही. सुना हार नीट करत राहिल्या. विधवेच्या कपाळाबद्दल चाळीस मिनिटं बोललेला धैर्यशील तीन हातांवर उभा राहून मोबाईलवर पूजेचा व्हिडिओ घेत होता. त्यानं एवढंच केलं, की चिमणाबाई चित्रात येऊ नये म्हणून मोबाईल जरा डावीकडं वळवला. तीन वर्षं जिच्या हाताखाली ही गाडी उजळली, तिच्या हाताचा त्या दिवशी विटाळ झाला. आणि ह्या बयेला मी तीस वर्षं वाकून नमस्कार करतोय.

मी काय केलं? मी म्हणालो, “चिमणाबाई, चला, भाईर थांबू.”

एवढंच. पाठीमागं ह्या लोकांची सालटी काढणारा मी, तोंडावर मूग गिळून बसलो. त्यांच्या तीन गाड्या माझ्याकडं रंगायला येणार होत्या, हे कारण मी तेव्हा स्वतःला दिलं. आज ते कारणही मला पुरत नाही. तिनं फडकं घडी करून पिशवीत घातलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. 

कुंकू तसंच राहिलं. नवमीचं ऊन, दसऱ्याचं ऊन, वर मिरवणुकीत गाडी फिरवली ती वेगळीच. शुक्रवारी सकाळी धैर्यशीलचा ड्रायव्हर पुसायला गेला. कुंकू निघालं, स्वस्तिक राहिलं. मरून रंगात खोल उतरलेला फिका, तपकिरी ठसा. गाडी दुपारी माझ्याकडं आली, मागनं धैर्यशील.

“मिस्त्री, हे काय झालंय? परवा प्रदर्शन आहे. त्या बाईला बोलवा.”

चिमणाबाई दसऱ्यापासून कामावर आली नव्हती. मी त्याच्यासमोरच फोन लावला.

“सणाचा दिवस सपला व्हय?” ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. ठसा किती मोठा, किती खोल. ती ऐकत होती. मग तिनं दोनतीन प्रश्न विचारले, कडा कशी दिसते, नख लागतं का. आवाज बदलला होता. गाडीची काळजी तिला आवरत नव्हती.

“निघंल,” ती शेवटी म्हणाली. “दोन दिस लागतील. रिठ्याच्या पाण्याचं फडकं ठिवून ठिवून वर आणाय पायजे. पर म्या येतो त्ये एकाच बोलीवर. आईसाबांनी सवता म्हणावं, चिमणाबाई हात लाव. परवा जेवढी माणसं हुती तेवढ्यांम्होरं म्हणावं. दुसरं काय नगं.”

पैसे नकोत, माफी नको. तीन शब्द. मी धैर्यशीलला सांगितलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हजार माणसांपुढं समाजाला रानटी म्हणणाऱ्या ह्या वाघाला आईपुढं तीन शब्द न्यायचे होते.

“आईला कसं सांगू, मिस्त्री? ती जुन्या वळणाची आहे. उगाच घरात ताप नको.” मग आवाज चढवून म्हणाला, “आणि तुम्ही कशाला आहात? तीस वर्षं रंगात आहात ना? मशीन लावा. एका बाईवाचून कोल्हापूर अडलंय का?”

मी नाही म्हणू शकलो असतो. बॉनेटचा रंग किती उरलाय हे चिमणाबाईनंतर जगात मलाच ठाऊक होतं. पण ‘एका बाईवाचून अडलंय का’ हे मला झोंबलं. पाटीवर नाव माझं, आणि गिऱ्हाईक बाईला विचारतंय. अकरा वर्षांपूर्वीचं ते जीपचं दारही कुठंतरी सलत असणार. कडांना पट्ट्या चिकटवण्यात, पॅड धुण्यात तासभर गेला, मग मी मशीन घेतलं.

पहिली पाच मिनिटं ठसा फिका होत गेला. धैर्यशील म्हणाला, “बघा, होतंय की.” मी आणखी दाबलं. बॉनेटच्या मधोमध कण्यासारखी एक धार आहे, तिथं रंग सगळ्यात कमी असतो. मशीनचा पॅड लाल झाला, गर्द लाल, आणि एकदम पांढुरका. मी हात उचलला तेव्हा बॉनेटवर तळहाताएवढा, रंगाखालचा राखाडी प्रायमर उघडा पडला होता. ऐंशी वर्षं ऊन, कोंबड्या, शेण सोसलेला रंग मी सात मिनिटांत खाल्ला.

धैर्यशील आधी मला आईवरून बोलला, मग बापावरून. मी ऐकून घेतलं. तेवढ्यात दारात चिमणाबाई उभी. कुणी बोलावलं नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला राहवलं नाही म्हणून मिळाली ती गाडी पकडून आली होती, बोली गेली खड्ड्यात म्हणून. हातात रिठ्याची पुडी होती.

ती बॉनेटपाशी आली. बोटांची मागची बाजू त्या राखाडी जागेच्या कडेनं सावकाश फिरवली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. पुडी तिनं कमरेला खोचली.

“आता काय करायचं गं?” धैर्यशीलनं विचारलं. पहिल्यांदा त्याचा आवाज खाली आला होता.

“करायचं काय? आईसाबांस्नी बोलवा,” ती म्हणाली. “त्यावरच परत कुंकू काढाय सांगा, जरा मोठं काढा. समदं झाकतंय त्यात.”

कोपऱ्यातला आपला फडक्यांचा गठ्ठा काखेत मारला आणि ती गेली.

तिनं ती थुंकी टाकली होती. आणि ह्या लोकांनी ती तीर्थ म्हणून घेतली. रविवारी सकाळी आईसाहेबांनी बॉनेटवर परातीएवढं स्वस्तिक काढलं, भोवती झेंडूची आरास केली, समई ठेवली. धैर्यशील फेटा बांधून शेजारी उभा राहिला. पुण्याचे परीक्षक आले. एकानं हार जरा बाजूला करून बघायचा प्रयत्न केला, तर धैर्यशील म्हणाला, “पूजेचं आहे साहेब, हलवायचं नाही.” परीक्षकांनी हात जोडले. पहिला नंबर नाही मिळाला, पण परंपरा जपल्याबद्दल खास पारितोषिक मिळालं, आणि त्यासाठी आईसाहेबांना स्टेजवर बोलावलं. त्या टाळ्यांमध्ये मीही टाळ्या वाजवल्या. हात आपोआप वाजतात.

आठ दिवसांनी बंगल्यावरून एक पिशवी आली. आत साडी होती. ‘तुमच्या त्या बाईला द्या,’ असा निरोप. मी हुपरीला गेलो.

चिमणाबाई उंबऱ्याच्या आत बसून शेजारच्या कुणाचे पैंजण घासत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. पिशवी मी खाली ठेवली.

“कुणी दिलंय?”

“आईसाहेबांनी.”

“काय म्हणाल्या?”

“काय न्हाई म्हणाल्या.”

तिनं पिशवी उघडून बघितली नाही, लोटलीही नाही. मी बोलत सुटलो. ती माणसं तसलीच, त्यांची लायकी तेवढीच, त्यांना काय कळतंय, त्यांचं मनावर घेऊ नका, वर्कशॉपात या, तुमच्यावाचून दोन गाड्या उभ्या आहेत. पूर्वी असं बोललं की ती एखादी सणसणीत जोड द्यायची. ह्या वेळी ती पैंजण घासत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, “ती माणसं माझी कोण लागत्यात, मिस्त्री? त्यांचं काय मनाला लावून घ्यायचं?”

“मग या की उद्यापासनं.”

“अकरा वर्सं तुमी माझा हात बघत आलासा. त्या बाईनं मागं हो म्हटलं, तवा म्या तिच्याकडं बघितलंच न्हाई. तुमच्याकडं बघितलं.”

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. पैंजण रिठ्याच्या पाण्यात सोडले आणि फडक्याची दुसरी बाजू वर केली. मी पिशवी उचलली आणि बाहेर आलो. स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागलेली होती, आणि बसायला जागाही होती.